पोस्टपेड आणि वाय-फायच्या करारातून दंड न भरता बाहेर पडायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

नौपाडा असो, घोडबंदर असो की खारघर, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा संपली की मोबाइल आणि वाय-फायच्या बिलांची सुरू होते. 'प्लॅन बंद केला तर दंड लागेल' असं कुणीतरी ठामपणे सांगतं आणि बाकीचे मुकाट्याने पुढच्या महिन्याचं बिल भरतात. प्रत्यक्षात आपल्याकडे नुसता मोबाइल नंबर सोडण्याचा दंड जवळपास नसतोच. दंड असतो तो त्या नंबराला जे चिकटवलेलं असतं त्याचा: हप्त्यावरचा हँडसेट, वर्षभराचं आगाऊ भाडं, 'फुकट' राउटर, घरच्यांचे जोडनंबर. ते आधी सुटं केलं की बाहेर पडणं सोपं जातं.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची आहे. किती पैसे लागतील?

आतापर्यंत निघालेली बिलं भरलेली असतील तर जुन्या कंपनीला वेगळं काही द्यावं लागत नाही. कारणही सांगावं लागत नाही. नंबर सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस चालू असला पाहिजे, ही मुख्य अट. नंबर पोर्ट करण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, तरीही कंपनीच्या दुकानात जाऊन 'बंद करू का?' असं विचारणारे आजही कमी नाहीत. विचारायचं नाही, पोर्ट करायचं.

मग कस्टमर केअरवाले 'लॉक-इन, लॉक-इन' करतात ते कशाचं?

बहुतेकदा सवलतीचं. सहा महिने किंवा वर्षभर राहाल असं गृहीत धरून भाड्यात सूट दिलेली असते, इन्स्टॉलेशन माफ केलेलं असतं किंवा राउटर दिलेला असतो. मध्येच सोडलं की ती सूट वसूल करतात आणि बिलावर तिला वेगवेगळी नावं देतात. म्हणून फोनवर एकच प्रश्न विचारा: 'हा आकडा नेमका कशाचा आणि माझ्या अर्जातल्या कुठल्या अटीनुसार?' तोंडी उत्तर घेऊ नका, ईमेल मागा. निम्म्या वेळा विषय तिथेच थंडावतो, कारण समोरच्याच्या स्क्रीनवर नुसता आकडा असतो, अट नसते.

आपण सही केलेला किंवा ओटीपी देऊन मान्य केलेला अर्ज आणि प्लॅनच्या अटी कंपनीकडून मागून घ्या. सेल्समनने दारात काय सांगितलं याला पुढे फारसं वजन राहत नाही. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं असेल तर मात्र तो मेसेज जपून ठेवा, तो पुरावा आहे.

पोर्टची नेमकी पद्धत सांगा.

पोर्ट करायच्या नंबरावरून १९०० वर एसएमएस करायचा: इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', मग मोकळी जागा, मग आपला दहा आकडी नंबर. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. कोड आणि आधारकार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं किंवा त्यांचा माणूस घरी बोलवायचा. त्याच सर्कलमध्ये (म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या त्याच विभागात) साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत काम होतं. सर्कल बदलत असेल किंवा नंबर ऑफिसच्या नावावर असेल तर पाच दिवस धरा. नवं सिम चालू होईपर्यंत जुनं काढू नका. अर्ज दिल्यावर मन बदललं तर २४ तासांच्या आत १९०० वरच 'कॅन्सल' आणि नंबर असा एसएमएस करून अर्ज मागे घेता येतो.

कोड मिळाला म्हणजे पोर्ट झालं असं नाही. नुसता कोड मागितला म्हणून काही बंद पडत नाही. उलट कोड मागितल्याबरोबर जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात आणि कालपर्यंत अस्तित्वातच नसलेली ऑफर अचानक उगवते. ती चांगली असेल तर घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र तिलाही नवा लॉक-इन जोडलेला नाही ना, हे बघा.

कोडच येत नाहीये. नकाराचा एसएमएस आला.

कारण त्या एसएमएसमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे निघालेलं बिल थकलेलं असणं. भरून एखाद दिवसाने पुन्हा प्रयत्न करा. ९० दिवस पूर्ण नसतील तर थांबणं भाग आहे. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल, म्हणजे हरवलं किंवा खराब झालं म्हणून, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने सात दिवस कोड मिळत नाही. सिम-स्वॅपच्या फसवणुकीला, म्हणजे तुमच्या नंबराचं दुसरं सिम परस्पर काढण्याला, आळा बसावा म्हणून ते आहे, त्यामुळे वैतागून उपयोग नाही. नाव बदलण्याचा अर्ज अर्धवट पडून असेल किंवा नंबराबाबत कोर्टात वाद असेल तरी नकार येतो.

राहिलं ते कराराचं कारण. तुमच्या करारात बाहेर पडण्याची अट लिहिलेली आहे आणि ती तुम्ही पाळलेली नाही, असं असेल तर कंपनी कोड अडवू शकते. इथे 'लिहिलेली' हा शब्द महत्त्वाचा. अशी अट दाखवा म्हणून लेखी मागा. ती दाखवता येत नसेल तर नकाराला आधार नाही, आणि तक्रारीला तुमच्याकडे भक्कम कारण आहे.

पोर्ट झाल्यावर जुनं बिल आलं. आता नंबर तर गेला, नाही भरलं तर?

असं करू नका. शेवटच्या बिलानंतर पोर्ट होईपर्यंत जेवढा वापर झाला त्याचं बिल येणारच. ते बुडवलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून नंबर बंद करायला लावू शकते. बँक, आधार, गॅस, सगळं ज्या नंबरावर आहे तो चार-पाचशे रुपयांसाठी घालवायचा नाही. बिल चुकीचं वाटत असेल तर आधी लेखी हरकत घ्या, डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) मिळवा आणि वादाबाहेरची रक्कम भरून टाका.

बिलाच्या तारखेनंतर लगेच पोर्टचा अर्ज दिला तर हे शेवटचं बिल छोटं येतं. पोर्टआधी मागच्या सहा-आठ महिन्यांची बिलं अ‍ॅपमधून उतरवून ठेवा. पोर्ट झाल्यावर त्या अ‍ॅपमध्ये लॉगिन होईलच याची खात्री नाही.

कंपनी ठीक आहे, फक्त पोस्टपेड नको. प्रीपेड करता येईल?

येईल. २०२१ पासून ओटीपी देऊन हे करता येतं, पुन्हा कागदपत्रं लागत नाहीत. आधी बाकी बिल चुकतं करावं लागतं. ओटीपीनेच परत पोस्टपेडवर यायचं असेल तर मध्ये ३० दिवसांचं अंतर लागतं, त्याआधी हवं असेल तर दुकानात जाऊन रीतसर अर्ज. माझं मत विचाराल तर निवृत्त आई-वडिलांच्या नंबरांना पोस्टपेडचा काही उपयोग नसतो. ती बहुधा मुलांनी ऑफिसच्या सवयीने करून दिलेली असतात.

हँडसेट हप्त्यावर आहे. नंबर पोर्ट केला तर हप्ता थांबेल?

नाही. ते कर्ज वेगळं आहे, बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं, आणि सिम कुठलंही घातलं तरी ते चालूच राहतं. उलट प्लॅनसोबत हँडसेटवर सूट घेतली असेल तर प्लॅन सोडताना ती सूट परत मागितली जाऊ शकते. अशा वेळी सरळ हिशेब मांडा: उरलेले महिने गुणिले भाडं एका बाजूला, एकरकमी सुटण्याची रक्कम दुसऱ्या बाजूला. शेवटचे दोन-तीन महिने उरले असतील तर प्लॅन सगळ्यात स्वस्त पायरीवर आणून ते काढणं बहुतेकदा परवडतं. प्लॅन खाली आणायला काही अडवणूक आहे का ते अटींत बघा. हप्त्याच्या कर्जाबद्दल तक्रार असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते, दूरसंचार खात्याकडे नाही.

फॅमिली प्लॅनमध्ये आम्ही चौघे आहोत. एकट्याने निघता येईल?

हो. पण मुख्य नंबर निघाला तर बाकीच्यांचं काय होणार ते आधी ठरवा. जोडनंबर आधी वेगळे करा किंवा प्रीपेडवर टाका आणि मुख्य नंबर शेवटी हलवा. नणंद-भावजय, दीर-जाऊ सगळे एकाच प्लॅनवर असतील तर बिल कुणाच्या नावावर आहे त्याच्याच नावाने अर्ज जातो, हे गृहीत धरा.

ऐरोलीच्या आयटी कंपनीतली नोकरी सोडली. नंबर ऑफिसच्या नावावर, पण दहा वर्षं मीच वापरतोय.

तुम्ही वापरत असलात तरी कागदावर नंबर कंपनीचा आहे. राजीनाम्याच्या नोटीस काळातच एचआरकडून नंबर वैयक्तिक नावावर करण्याचं संमतीपत्र घ्या. रिलीव्हिंग लेटर हातात पडल्यावर तुमचे मेल कुणी वाचत नाही. नाव बदलण्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत पोर्ट होत नाही, त्यामुळे आधी नाव, मग पोर्ट. बँकेचे ओटीपी त्यावर येत असतील तर तोवर बँकेत दुसरा नंबर नोंदवून ठेवा.

वाय-फायचं वर्षाचं भाडं आगाऊ भरलं आणि चार महिन्यांतच घर बदललं. पैसे गेले का?

सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली पायरी म्हणजे बंद करण्याचा अर्ज द्यायचाच नाही, शिफ्टिंगचा द्यायचा. ठाण्यातल्या ठाण्यात, किंवा वाशीहून नेरुळला जात असाल तर बहुतेक वेळा सेवा हलवता येते, कधी फुकट, कधी थोड्या खर्चात. नव्या पत्त्यावर त्यांची लाइनच नसेल तर चित्र पालटतं: आता सेवा देता येत नाही असं कंपनी म्हणते आहे, तुम्ही सोडून चाललेला नाही. 'या पत्त्यावर सेवा शक्य नाही' हे वाक्य ईमेलवर किंवा एसएमएसवर मिळवा. ते हातात आलं की उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागा आणि दंडाची मागणी मान्य नसल्याचं त्याच ईमेलमध्ये लिहा. परतावा आपोआप मिळेल असं मी म्हणत नाही, काही कंपन्यांच्या अटी चक्क 'परतावा नाही' म्हणतात. पण त्या एका वाक्याने तुमची बाजू कितीतरी बळकट होते.

नव्या सोसायटीने एकाच वाय-फायवाल्याला आत सोडलेलं असेल तरी हाच मार्ग. कमिटीकडून तसं पत्र घ्या. सेक्रेटरी पत्र द्यायला कुरकुर करेल, तेव्हा निदान ईमेलवर विचारा आणि त्याचं उत्तर जपा.

राउटर परत करताना पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. त्यावर सिरियल नंबर हवा. राउटरचा फोटो आणि नेणाऱ्या माणसाचं नाव लिहून ठेवलं तर आणखी चांगलं. राउटर मिळालाच नाही म्हणून डिपॉझिट कापल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत, आणि पावती नसेल तर बोलायला तोंड राहत नाही.

वाय-फाय सतत बंद पडतं. हे कारण देऊन दंड टाळता येईल?

येऊ शकतं, पण 'सतत' हा पुरावा नाही. प्रत्येक बिघाडाची तक्रार नोंदवा, डॉकेट नंबर आणि तारीख वहीत लिहा, स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट ठेवा. बिघाड तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहिला तर भाड्यात सूट मागण्याचा हक्क आहे, ती लेखी मागा. मिळाली तर सेवा सदोष होती हे कंपनीनेच कबूल केल्यासारखं होतं. अशा पाच-सहा नोंदी जमल्या की 'सेवेतल्या त्रुटीमुळे करार संपवत आहे, दंड देय नाही' असं पत्र पाठवायला आधार मिळतो.

मोबाइलच्या रेंजचं वेगळं आहे. घोडबंदरच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर नेटवर्क गायब होणं नवीन नाही, पण तिथे भांडत बसण्याची गरजच नसते. सरळ पोर्ट करा. त्याआधी नव्या कंपनीच्या साइटवर कव्हरेजचा नकाशा बघा, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे त्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला आपल्या बेडरूममध्ये उभं करून बघा.

ठाण्याहून पुण्याला चाललोय. नंबर बदलावा लागेल?

नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण मुंबई सर्कलमध्ये येतात, पुणे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. ३ जुलै २०१५ पासून सर्कल ओलांडूनही पोर्ट करता येतं. पण आजकालच्या प्लॅनमध्ये रोमिंग बहुतेक फुकटच असल्याने केवळ गाव बदललं म्हणून पोर्ट करण्याची गरज नसते.

सुरुवातीला भरलेलं डिपॉझिट कधी मिळणार?

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २००५ साली कंपन्यांना सांगितलं होतं की सेवा बंद झाल्यावर ६० दिवसांच्या आत डिपॉझिट परत करा, नाहीतर वार्षिक १० टक्के व्याज द्या. शेवटचं बिल त्यातून वळतं करून उरलेलं मिळतं. बँक खात्याचा तपशील लेखी दिलेला असू द्या, नाहीतर 'चेक परत आला' ही सबब तयार असते.

ऑटोपे चालूच आहे. प्लॅन बंद करूनही पैसे कापले गेले.

प्लॅन बंद केल्याने ऑटोपे आपोआप बंद होतंच असं नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन त्या कंपनीचा मँडेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, रद्द करा, कार्डावर असेल तर बँकेच्या साइटवर. पैसे कापण्याआधी २४ तास बँकेने कळवायचं, असा नियम आहे, ते मेसेज डोळ्यांआड करू नका. फक्त क्रम सांभाळा: शेवटचं बिल भरून झाल्यावर मँडेट रद्द. आधी रद्द केला आणि बिल थकलं तर पोर्टचा कोड अडतो.

वसुलीवाल्याचा फोन आला. पोलीस केस करू म्हणतो. घाबरावं का?

बिल थकणं हा दिवाणी विषय आहे, त्यासाठी कुणी अटक करत नाही. 'बिल, कराराची अट आणि वसुलीचं अधिकारपत्र ईमेलने पाठवा', एवढंच त्याला म्हणा आणि फोन ठेवा. त्याच्या लिंकवर किंवा क्यूआर कोडवर पैसे भरू नका, भरायचेच असतील तर कंपनीच्या अ‍ॅपवर. पैशांच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, तीही लक्षात ठेवा.

पण पोस्टपेडची थकबाकी क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसू शकते. घराच्या कर्जाच्या वेळी जुन्या बिलाचे तीनशे रुपये डोकं वर काढतात. म्हणून वाद मिटला की 'काही बाकी नाही' असं पत्र घ्या.

लोक अदालतीची नोटीस आली तर ती समन्स असल्यासारखं घाबरून पैसे भरायला धावू नका. नेहमीच्या लोक अदालतीत तुमच्या संमतीशिवाय निकाल होत नाही. जा, आपले कागद दाखवा, मान्य असेल तर तडजोड करा, नसेल तर नाही म्हणा. नोटिशीवर 'स्थायी लोक अदालत' असेल तर मात्र गाफील राहू नका. टेलिफोन सेवा तिच्या कक्षेत येते आणि तडजोड फसली तर ती दोन्ही बाजू तपासून स्वतः निकाल देऊ शकते. तिथे लेखी उत्तर द्यायलाच हवं.

तक्रार नेमकी कुठे करायची? ट्रायकडे?

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. तिकडे लिहिण्यात आठवडे घालवू नका. पहिली पायरी कंपनीची तक्रार लाइन, १९८. डॉकेट नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. अपील मोफत आहे आणि ३९ दिवसांत निकाली काढायचं बंधन आहे. ही पायरी फार कमी लोक चढतात आणि कस्टमर केअरही आपणहून तिचं नाव काढत नाही. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करा.

त्यानंतर ग्राहक आयोग. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असं अजून काही वकीलही सांगतात. २००९ च्या एका निकालामुळे तशी समजूत झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दूर केली. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या एका ग्राहकाला २४,६०९ रुपयांचं बिल आलं होतं, त्या प्रकरणात ग्राहक आयोगाला अशा तक्रारी ऐकण्याचा अधिकार असल्याचं स्पष्ट झालं.

ठाणेकरांसाठी जिल्हा आयोग ठाण्यात आहे, आणि नवी मुंबईकरांसाठी अतिरिक्त ठाणे जिल्हा आयोग बेलापूरच्या कोकण भवनात. तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते, मुदत दोन वर्षं. कागद कसे लावायचे ते समजत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेकडून मार्गदर्शन घ्या.

अर्जात दंड स्पष्ट लिहिलाय आणि मी सही केली आहे. मग संपलंच ना?

नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. पाचशे रुपयांच्या राउटरसाठी पाच हजार मागणाऱ्याला वाजवीपणा सिद्ध करावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर नुकसानाच्या मानाने भरमसाट दंड लावणारा करार हा अनुचित करारच मानला आहे.

फक्त एक खाच आहे. अख्खा करारच अनुचित ठरवून घ्यायचा असेल तर ते प्रकरण जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावं लागतं. दोन-चार हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला? जिल्ह्यात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून तक्रार मांडली तर काम भागतं.

मुलगी अमेरिकेत आहे. तिकडे दोन वर्षांचा करार असतो म्हणतात.

पूर्वी असायचा आणि मोडला तर शेकडो डॉलरची अर्ली टर्मिनेशन फी लागायची. टी-मोबाइलने २०१३ मध्ये तो प्रकार सोडला, पुढच्या काही वर्षांत इतर मोठ्या कंपन्यांनीही. आता तिथे हँडसेटचे २४ ते ३६ महिन्यांचे हप्ते असतात आणि सूट दर महिन्याच्या बिलात थोडी थोडी मिळते. मध्येच सोडलं की राहिलेली सूट बुडते आणि हँडसेटची बाकी एकदम देय होते. नवी कंपनी कधी कधी ती बाकी भरून द्यायची ऑफर देते, तिच्या अटी वाचून घ्यायला सांगा.

वडील गेले. त्यांचा पोस्टपेड नंबर बंद करायचा की ठेवायचा?

आधी ठेवा. बँक, विमा, पेन्शन, डिमॅट यांचे ओटीपी त्यावरच येत असतात. सगळीकडे नंबर बदलून झाला की मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं ओळखपत्र देऊन नंबर आपल्या नावावर करा किंवा बंद करा. दाखल्याच्या तारखेनंतरचं भाडं माफ करायला लेखी सांगा. बऱ्याचदा करतात, पण मागितल्याशिवाय नाही. त्यांच्या नावावर आणखी नंबर असल्याची शंका असेल तर त्यांच्या नंबरावर ओटीपी येतो आहे तोवरच दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर बघून घ्या.